‘बीटी-सीटी नॉर्मल आहे!’

माझ्या एका मावसबहिणीला चार वर्षांत तीनदा दिवस गेले आणि तिन्ही वेळा गर्भपात झाला. तिसऱ्या वेळी तालुक्याच्या दवाखान्यात क्युरेटिंग झालं, संध्याकाळी घरी सोडलं. रात्र बरी गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून उठली आणि तिच्या अंगावरून इतकं जायला लागलं की चादर बदलायलाही उसंत मिळेना. रिक्षात घालून पुन्हा त्याच दवाखान्यात नेलं, तर तिथल्या सिस्टरनी फाइल उघडून आमच्यासमोर धरली. ‘आम्ही सगळं तपासूनच केलंय हो. हे बघा, बीटी-सीटी नॉर्मल आहे.’

आणि ते खरंच होतं. रिपोर्ट नॉर्मलच होता. बाई मात्र पांढरीफटक पडत चालली होती.

तिथून तिला जिल्ह्याच्या गावी हलवलं. रात्री साडेदहाला तिथे एक तरुण भूलतज्ज्ञ आली. तिनं रक्ताची बाटली लावायच्या आधी निळ्या बुचाच्या दोन नळ्या भरून घेतल्या आणि मग मावशीकडे वळून विचारलं, ‘काकू, ही जन्मली तेव्हा नाळ पडल्यावर हिच्या बेंबीतून रक्त आलं होतं का?’

मावशी आधी गोंधळलीच. पोरीची पिशवी वाहतेय आणि ही बाई बेंबीचं काय विचारते! मग म्हणाली, ‘आलं होतं की. चांगलं आठ दिवस येत होतं. आमच्या आईनं हळद दाबून दाबून थांबवलं. पण ते तुम्हाला कसं कळलं?’

डॉक्टरनी त्याचं उत्तर दिलं नाही. दुसरा प्रश्न विचारला, ‘तुमचं आणि हिच्या वडिलांचं लग्नाआधी काही नातं?’

‘आतेभाऊच ते माझे.’

पुढे त्या नळ्यांचा प्रवास मुंबईपर्यंत झाला आणि निदान हातात आलं. फॅक्टर तेराची कमतरता. जन्मापासूनची. बहिणीचं वय तेव्हा सत्तावीस. या सत्तावीस वर्षांत तिला बघितलेल्या कुणीही, डॉक्टरनं, वैद्यानं, आम्ही घरच्या बायकांनी, ते बेंबीचं रक्त, गुडघा फुटल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा भळभळणारी जखम, दाढ काढल्यावर दोन दिवस रक्ताळलेल्या उशा, या सगळ्या गोष्टी एका दोऱ्यात ओवल्या नव्हत्या. (तिची परवानगी घेऊनच हे लिहितेय. ‘माझं नाव घालू नकोस, बाकी सगळं लिही,’ असं तिनं बजावलंय.)

आता हे फॅक्टर तेरा म्हणजे काय? शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणींना चटकन कळेल. कापड कापलं की आपण आधी धावदोरा घालतो आणि मग मशीनवर पक्की टीप मारतो. जखम झाली की रक्तही तसंच करतं. रक्तातले वेगवेगळे घटक, ज्यांना फॅक्टर म्हणतात आणि आकड्यांनी ओळखतात, एकापाठोपाठ एक जागे होतात आणि शेवटी जखमेवर फायब्रिन नावाच्या धाग्यांची जाळी तयार होते. हा झाला धावदोरा. त्यावर टीप मारायचं काम तेराव्या फॅक्टरचं. तो नसला तरी रक्त वेळेवर गोठतं, जखम बंद झालेली दिसते, सगळे निश्चिंत होतात आणि एक-दोन दिवसांनी धावदोरा उसवतो. गर्भाशयात वार नीट रुजून धरून राहायलाही हा फॅक्टर लागतो. म्हणून ज्या बायकांमध्ये तो जवळजवळ नसतोच, त्यांचे गर्भ उपचारांशिवाय सहसा टिकत नाहीत. ‘हिला टिकतच नाही’ असं आमच्याकडेही म्हणून झालं होतं. अमावास्येला उतारा टाकून झाला होता. पिशवीचं तोंड सैल असेल म्हणून टाका घालायचंही घाटत होतं.

आणि ते बीटी-सीटी? बीटी म्हणजे बोटाला किंवा कानाच्या पाळीला सुई टोचायची, टिपकागदानं रक्त टिपत राहायचं आणि किती मिनिटांत थांबतं ते घड्याळात बघायचं. सीटी म्हणजे काचेच्या बारीक नळीत रक्त घेऊन ते किती मिनिटांत गोठतं ते पाहायचं. या दोन्ही परीक्षा फार जुन्या. स्वस्त आहेत, पाच-दहा मिनिटांत होतात, म्हणून लहान गावांत ऑपरेशनच्या आधी आजही सर्रास करतात. पण रक्त गोठवणारा एखादा फॅक्टर थोडा कमी असेल तर यांत काही कळत नाही. फॅक्टर तेरा तर अगदी नसला तरी कळत नाही, कारण धावदोरा वेळेवर पडलेलाच असतो. त्याच्या वरची पीटी आणि एपीटीटी नावाची तपासणीसुद्धा इथे नॉर्मल येते. त्यासाठी रक्ताची गाठ युरियाच्या द्रावणात टाकून विरघळते का ते पाहतात. टीप मारलेली गाठ दुसऱ्या दिवशीही तशीच राहते, न मारलेली विरघळून जाते. तपासणी काही महागडी नाही. ती करावी असं कुणाला तरी सुचावं लागतं, एवढंच. आणि नमुना रक्त चढवायच्या आधी घ्यावा लागतो, नाहीतर दुसऱ्याच्या रक्तातला फॅक्टर दिसतो आणि रिपोर्ट फसवतो. त्या रात्री त्या भूलतज्ज्ञाला हे सुचलं म्हणून पुढचं सगळं घडलं.

माझं म्हणणं असं, की बीटी-सीटीच्या कागदावर जेवढा विश्वास आपण ठेवतो, त्याच्या निम्मा विश्वास घरातल्या बायकांच्या आठवणींवर ठेवला तरी कितीतरी जीव वाचतील. रक्तस्रावाचा आजार ओळखायचं पहिलं साधन हे प्रयोगशाळेत नाहीच, ते आजीच्या, आईच्या, आत्याच्या बोलण्यात आहे. लहानपणी घोळणा फुटायचा का? फुटला की किती वेळ चालायचा? (आपल्याकडे कांदा फोडून हुंगवला आणि ‘उष्णता झालीय’ म्हटलं की विषय संपतो.) कान-नाक टोचले तेव्हा काय झालं? दाढ काढल्यावर डॉक्टरकडे परत जावं लागलं का? काही लागलेलं नसताना मांड्यांवर, दंडांवर काळंनिळं पडतं का? पाळी सात दिवसांच्या वर जाते का, तास-दोन तासांत पॅड भिजतं का, रुपयाच्या नाण्याएवढ्या गाठी पडतात का? घरात कुणाला बाळंतपणात किंवा ऑपरेशनमध्ये रक्त चढवावं लागलं होतं का? आणि हे सगळं वडिलांच्या बाजूलाही विचारायचं. आपण ‘आईला होतं का’ एवढंच विचारतो. यातले बरेच आजार वडिलांकडूनही येतात.

पाळीचा प्रश्न मात्र सगळ्यात अवघड, कारण ‘जास्त’ म्हणजे किती हे कुणी कुणाला सांगितलेलंच नसतं. आईला जास्त जात असेल तर मुलीलाही तेच नेहमीचं वाटतं. ‘आपल्या घराण्यात असंच जातं’ हे वाक्य मी किती घरांतून ऐकलंय! घराण्यात आहे म्हणजेच तर चौकशी करायला हवी ना? आपण उलटा अर्थ काढतो. मुलगी बारावीला येईस्तोवर तिचं हिमोग्लोबिन सहा-सातवर येतं, मग लोहाच्या गोळ्या, मग गूळ-शेंगदाणे, मग पुन्हा गोळ्या. माठाला खाली चीर गेलेली असताना वरून घागरी ओतत राहायचं.

अशा घराण्यातूनच एका आजाराचा शोध लागला होता. फिनलंडच्या ओलांड बेटांवरच्या एका पाच वर्षांच्या मुलीला १९२४ मध्ये एरिक फॉन विलेब्रांड नावाच्या डॉक्टरांकडे आणलं. तिच्या काही भावंडांचा जीव रक्तस्रावानं गेलेला होता. हा ठाऊक असलेला हिमोफिलिया नव्हे, कारण इथे मुलींनाही तितकंच होत होतं, हे त्यांनी ओळखलं आणि १९२६ मध्ये लिहून प्रसिद्ध केलं. आज त्या आजाराला त्यांचंच नाव आहे, आपल्याकडे वॉन विलेब्रांड म्हणतात. ज्या मुलीमुळे तो कळला, ती तेराव्या वर्षी तिच्या चौथ्या पाळीत रक्त जाऊन गेली. चौथ्या पाळीत. त्याला आता शंभर वर्षं होत आली आणि आपल्या मुलींना अजून गूळ-शेंगदाणे सांगितले जातात.

वॉन विलेब्रांड हा जन्मजात रक्तस्रावाच्या आजारांतला त्यातल्या त्यात जास्त आढळणारा. फॅक्टर तेरा त्यामानानं फारच विरळा, जगभरात साधारण वीस लाखांत एक असा अंदाज सांगतात. त्याच्या शेजारी फॅक्टर सात, दहा, पाच, फायब्रिनोजेन यांच्या कमतरता आहेत. ग्लान्झमन नावाचा आजार आहे, त्यात प्लेटलेट्सचा आकडा भरपूर असतो पण त्या एकमेकींना धरतच नाहीत. यांतले बहुतेक विरळ आजार तेव्हाच उमटतात जेव्हा आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेली गुणसूत्राची खूण येते. दोघंही वरवर ठणठणीत असतात. दोघांकडे एकेक खूण असेल, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक अशी शक्यता. म्हणून जिथे नात्यातली लग्नं जास्त, तिथे हे आजार जास्त. आपल्याकडे मामाची मुलगी करायची पद्धत आहे, काही घरांत तर तो हक्कच मानतात. मी इथे कुणाला दोष देत नाही, माझी मावशी आणि तिचे यजमान यांच्याइतका गोडीचा संसार मी दुसरा पाहिला नाही. पण जिथे असं लग्न झालंय, तिथे दिवस राहिल्यावर डॉक्टरला ‘आमचं आधीचं नातं आहे’ हे आपण होऊन सांगावं. त्यात लाजायचं काय?

आता बाळंतपणाकडे येते, कारण खरी कसोटी तिथेच.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. सातव्या महिन्यात ओटी भरायची आणि लेकीला घेऊन जायचं. रीत चांगली आहे, मायेची आहे, पण रक्तस्रावाचा आजार असलेल्या मुलीसाठी तिच्यात एक मोठा खड्डा आहे. सात महिने जिनं तपासलं ती डॉक्टर एका गावात, बाळंतपण करणारी दुसऱ्या गावात आणि फाइल सासरच्या कपाटात. माहेरच्या गावी रक्तपेढी आहे का, हे ओटी भरताना कोण विचारतं? माझं स्पष्ट मत आहे, अशा मुलीचं माहेर म्हणजे ज्या गावात रक्तपेढी आणि रक्तविकाराचा डॉक्टर आहे ते गाव. आईनं आपलं बिऱ्हाड दोन महिने तिथे हलवावं. नातेवाइकाकडे राहावं, खोली घ्यावी. माया तीच, पत्ता तेवढा दुसरा.

ठरवायच्या गोष्टी पुष्कळ असतात आणि त्या कळा सुरू झाल्यावर ठरत नाहीत. कोणता फॅक्टर किंवा कोणतं रक्तघटक लागेल, किती लागेल, कुठून येईल, रात्री दोनला आणायचं झालं तर कोण जाईल. कंबरेत सुई देऊन भूल द्यायची की नाही, कारण मणक्यापाशी रक्त साचलं तर पाय कायमचे जाऊ शकतात. बाळालाही आजार असू शकतो, म्हणून चिमटा लावणं किंवा व्हॅक्यूमनं ओढणं टाळायचं. दंडात-कंबरेत स्नायूत इंजेक्शनं द्यायची नाहीत. दुखतंय म्हणून आपल्याकडे सहज दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन या गोळ्या अशा बाईला चालत नाहीत, रक्त आणखी पातळ राहतं. मेडिकलवाल्याकडून आपल्या मनानं गोळी आणायची नाही, हे नवऱ्याला पाठ करून घ्यायला लावायचं.

वॉन विलेब्रांडच्या बाबतीत एक फसवी गंमत असते. गरोदरपणात तो घटक शरीरात आपोआप वाढतो. नववा लागेपर्यंत रिपोर्ट छान येतो, सगळे म्हणतात बरी झाली. बाळंतपणानंतर तो भराभर खाली उतरतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अचानक रक्त सुरू होतं. तेव्हा बाई कुठे असते? बाळंतिणीच्या खोलीत, डिंकाचे लाडू खात, शेक घेत. अंगावरून जास्त जातंय म्हटलं तर घरातल्या मोठ्या बायका सांगतात, ‘जाऊ दे, जुनं सगळं निघून जाऊ दे, पिशवी साफ होते.’ मैत्रिणींनो, हे वाक्य जीवघेणं आहे. सव्वा महिना होईस्तोवर अशा बाळंतिणीवर नजर ठेवायची. कमी होत आलेलं रक्त पुन्हा लालभडक, गाठी पडत सुरू झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हिमोफिलियाच्या इंजेक्शनांचा साठा जवळ आहे म्हणूनही निर्धास्त राहायचं नाही. फॅक्टर आठच्या प्रत्येक इंजेक्शनात वॉन विलेब्रांडचा घटक असतोच असं नाही, हे आधी विचारून ठेवायचं.

बाळासाठीही काही पथ्यं. जन्मल्याबरोबर नाळेतलं रक्त तपासायला घेता येतं. बेंबीवर लक्ष ठेवायचं. लस चुकवायची नाही, पण सिस्टरना आधी सांगायचं म्हणजे त्या बारीक सुई वापरतील आणि नंतर दाबून धरतील. आणि बारशाला सोनार बोलावून कान टोचायची घाई करायची नाही. ज्या समाजात लहान मुलाची सुंता करतात तिथेही रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं.

ऑपरेशनचं बोलायचं तर माझा राग थोडा जास्त आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा विषय गाजला, चौकशी समिती नेमली गेली. त्या बायकांची कहाणी वेगळी आहे, ती मजुरीशी आणि मुकादमाशी बांधलेली आहे. पण एक गोष्ट सगळीकडे सारखी दिसते. बाईला जास्त जातंय म्हटलं की ‘काढून टाका, कटकट मिटली’. का जातंय हे शोधायच्या आधी पिशवी जाते. ज्या बाईला रक्तच नीट गोठत नाही तिची पिशवी काढायला घेणं म्हणजे विहीर उपसायला आत उतरायचं आणि झरे किती आहेत ते माहीत नाही. पस्तिशीच्या आत पिशवी काढा असं कुणी सुचवलं, तर एकच प्रश्न विचारा, ‘माझ्या रक्ताचा फॅक्टर तपासलाय का?’ प्रश्न विचारल्यानं डॉक्टर रागावले तर रागावू देत.

तसंच कुटुंबनियोजनाचं. साधी तांबी बसवली की पाळी वाढते, तेव्हा अशा बाईला ती सोसत नाही. हार्मोनची तांबी मिळते, तिनं पाळी उलट कमी होते, तिची चौकशी करावी. आणि दोन मुलं झाल्यावर शिबिरात जाऊन टाके घालून घ्यायचे ते बाईनंच का? नवऱ्याची नसबंदी ही कितीतरी छोटी शस्त्रक्रिया. बायकोच्या रक्ताला टीप पडत नाही हे ठाऊक असताना तिला टेबलावर झोपवायचं आणि आपण बाहेर तंबाखू मळत बसायचं, याला मी तरी पुरुषार्थ म्हणणार नाही.

‘बायकांना थोडंच होतं ते?’ हा समज डॉक्टरांतही आहे आणि कायद्यातही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल हे रक्ताचे आजार घेतले हे फार चांगलं झालं. पण त्यात हिमोफिलियाची जी व्याख्या आहे, ती सांगते की हा सहसा पुरुषांनाच होणारा आणि बायकांकडून मुलग्यांना जाणारा आजार. म्हणजे बाई तिथेही फक्त वाहून नेणारी. तिला स्वतःला रक्त जातं, हे त्या ओळीत मावलेलंच नाही. हिमोफिलियाची खूण बाळगणाऱ्या कितीतरी बायकांचा फॅक्टर स्वतःचाही कमी असतो आणि बाळंतपणात तो घात करतो. २०२५ च्या १७ एप्रिलला, जागतिक हिमोफिलिया दिनाचा विषयच स्त्रिया आणि मुली हा होता. उशिरा का होईना, आठवण झाली म्हणायची.

गंमत अशी की या आजारांवरची दोन मोठी साधनं बायकांनीच दिलीत. क्रायो म्हणून एक रक्तघटक रक्तपेढीत मिळतो. रक्तातला पिवळा भाग गोठवून हळूहळू वितळवला की तळाशी जो साका उरतो, तो म्हणजे क्रायो. त्यात फायब्रिनोजेन, फॅक्टर आठ, वॉन विलेब्रांड आणि फॅक्टर तेरा असतात. हा साका कामाचा आहे हे १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या जुडिथ पूल यांनी दाखवलं. दुसरं ट्रॅनेक्झामिक ॲसिड, झालेली गाठ विरघळू न देणारं औषध. ते जपानच्या उताको ओकामोटो यांनी आपल्या यजमानांबरोबर शोधलं, १९६२ मध्ये प्रसिद्ध केलं. मूल सांभाळायला कुणी नव्हतं म्हणून त्या लेकीला पाठीशी बांधून प्रयोगशाळेत काम करायच्या. बाळंतपणातल्या रक्तस्रावावर हे औषध द्यावं असं त्यांना वाटायचं, पण ते करून पाहायला कुणी पुढे आलं नाही. शेवटी २१ देशांतल्या सुमारे २० हजार बायकांवर अभ्यास झाला आणि तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावानं होणारे मृत्यू कमी होतात, हे २०१७ मध्ये सिद्ध झालं. ओकामोटोबाई २०१६ मध्येच गेल्या होत्या.

आपल्याकडे सोयी अगदीच नाहीत असं नाही. मुंबईत परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे, तिथे अशा विरळ आजारांचं निदान होतं. राज्यातल्या काही जिल्हा रुग्णालयांत हिमोफिलियाची डे-केअर केंद्रं आहेत. १९८३ मध्ये सुरू झालेल्या हिमोफिलिया फेडरेशनच्या शाखा आहेत. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला रक्त मोफत मिळतं. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची तज्ज्ञांकडून मोफत तपासणी असते. मला एकच मागायचं आहे. गरोदर बाईच्या कार्डावर मागच्या बाळंतपणात जास्त रक्त गेलं का याची नोंद करतात. पहिलटकरणीला मागचं बाळंतपण कुठून असणार? तिथे आणखी चार ओळी छापा. पाळी, दाढ, घोळणा, घराण्यातलं रक्त. आशाताईंना ते विचारायला पाच मिनिटंही लागणार नाहीत. त्यासाठी मशीन नको, निधी नको.

आणि लपवायचं थांबवा हो. आमच्याकडेही निदान झाल्यावर पहिली कुजबुज तीच झाली, ‘धाकटीचं लग्न व्हायचंय, बाहेर बोलू नका.’ धाकटीची तपासणी त्यापायी सहा महिने रेंगाळली. ती नुसती वाहक निघाली, म्हणजे तिला स्वतःला फारसा त्रास नाही. पण नसती निघाली तर? लपवलेलं दुखणं मांडवात कळत नाही, ते बाळंतपणाच्या टेबलावर कळतं, आणि तेव्हा बोलायला वेळ नसतो.

माझ्या बहिणीला निदानानंतर वर्षभरानं पुन्हा दिवस राहिले. पाळी चुकल्याचं कळल्यापासून ती डॉक्टरांनी आखून दिलेल्या तारखांना जिल्ह्याच्या गावी जाऊन क्रायो घेत होती. एसटीनं दोन तास जायचं, अर्धा दिवस झोपायचं, परत यायचं. एकदा संप होता तर भावोजींनी मित्राच्या टेम्पोतून नेलं. तीन, चार, पाच असे महिने मोजताना घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. डोहाळजेवण तिनं करू दिलं नाही. शेवटचा महिना ती आणि मावशी रुग्णालयाजवळ खोली घेऊन राहिल्या. पिशवीत सगळी फाइल, वर मोठ्या अक्षरांत मराठीत आणि इंग्रजीत चिकटवलेला कागद, ‘फॅक्टर तेरा कमी आहे, स्नायूत इंजेक्शन देऊ नये’. मुलगी झाली. रक्त बेताचंच गेलं. सव्वा महिना कुणी गावाकडे परतलं नाही.

मुलगी आईची खूण घेऊन आलेली असणारच होती, पण नवऱ्याकडची बाजू निरोगी असल्यानं ती आजारी नाही. तरी तपासणी होईपर्यंत बहिणीनं तिच्या कानाला सुई लावू दिली नाही. बारशाला सासूबाई सोनाराला निरोप देऊन बसल्या होत्या, तो आला आणि चहा पिऊन परत गेला. रिपोर्ट हातात आल्यावर तिसऱ्या महिन्यात कान टोचले. एक थेंब आला. बहीण दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, रात्री उठूनसुद्धा टॉर्च लावून ती पाळी बघत होती.